तुमचे प्रश्न : पेन फिजिशियन नक्की करतो काय?

गेल्या वेळी या सदरात जुनाट दुखण्यावरच्या इंजेक्शनांबद्दल लिहिलं होतं, म्हणजे कंबर, मान, गुडघा, चेहरा वगैरे महिनोन्‌महिने दुखणाऱ्यांसाठी एक्सरे किंवा सोनोग्राफीत बघून सुईनं करायचे उपचार, ज्याला इंटरव्हेन्शनल पेन मॅनेजमेंट म्हणतात ते. त्यावर भरपूर प्रश्न आले, बरेचसे तर तरुण डॉक्टरांचेच, की या लाइनमध्ये यावं का, आल्यावर काय करावं लागतं. मी स्वतः पेन फिजिशियन आहे, म्हणजे हेच काम करते, त्यामुळे सविस्तर लिहावंसं वाटलं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : मॅडम, मी ॲनेस्थेशियाच्या (भूलशास्त्राच्या) शेवटच्या वर्षाला आहे. पेनमध्ये फेलोशिप करायची इच्छा आहे, पण आमचे सिनियर म्हणतात एवढं शिकून इंजेक्शनं देत बसणार का, आणि घरचे म्हणतात निदान तुझ्या नाइट ड्यूट्या तरी जातील. काम खरंच कसं असतं?

नाइट ड्यूट्या कमी होतात हे खरंय, पण फक्त तेवढ्यासाठी येणार असशील तर येऊ नको. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, पेशंट झोपलेला असतो, ऑपरेशन झालं, शुद्धीवर आला, वॉर्डात गेला की तुझं आणि त्याचं काम बहुतेक संपतं. इथे तो टक्क जागा असतो, समोर बसून बोलतो, बरं वाटलं तरी परत येतो आणि नाही वाटलं तरी येतो, काही जण तर वर्षानुवर्षं. हे तुला आवडणार आहे का ते आधी बघ. सुई कुठे घालायची ते हात शिकतात गं, वेळ लागतो पण शिकतात, नीट ऐकून घ्यायला शिकणं जास्त अवघड जातं.

पहिल्या भेटीला मी अर्धा-पाऊण तास राखून ठेवते, कारण कंबर दुखते म्हणणारे चार पेशंट ओळीने आले तर चौघांचं दुखणं चार वेगळ्या ठिकाणचं असू शकतं. एक जण कुठे दुखतं विचारल्यावर कमरेखाली त्या खळीपाशी एकच बोट ठेवतो, थोड्या वेळाने परत विचारलं तरी बोट तिथेच जातं, मग सॅक्रोइलियाक, म्हणजे मणका आणि कमरेचं हाड जोडणाऱ्या सांध्याकडे लक्ष द्यायचं. दुसरा अख्खा तळवा कमरेवर फिरवतो, मागे वाकला की दुखतं, पुढे झुकला की बरं वाटतं, तेव्हा मणक्यामागचे छोटे फॅसेट सांधे डोक्यात येतात. तिसऱ्याला खोकला आला तरी पार पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट जातो, तिथे नसेचा संशय. आणि चौथी बाई म्हणते सगळंच दुखतं, झोप लागत नाही, सकाळी उठल्यावर अंग आणखीनच जड, तिला बहुतेक वेळा सुईची गरजच नसते, तिची झोप, व्यायाम, औषधं यावर काम करायला लागतं. हे फक्त अंदाज झाले, खात्री पुढे टेस्ट ब्लॉकनं, म्हणजे संशयाच्या जागी सुईनं थोडं भुलीचं औषध सोडून करायची, पण अंदाजच चुकला तर कितीही सुंदर सुई घातली तरी उपयोग शून्य. मी तर पेशंट खुर्चीतून उठतो कसा, चप्पल घालायला वाकतो का बसून घालतो, हे पण बघत असते.

सिनियरना सांग की ही शाखा मुळात ॲनेस्थेशियातल्याच माणसानं उभी केली. जॉन बोनिका, इटलीत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला, मेडिकलच्या शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून कुस्त्या खेळायचा. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्याला कळलं की काही जणांच्या वेदना एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातल्याच नाहीत, मग त्यानं वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांना एकत्र बसवून एकेका पेशंटवर चर्चा सुरू केली. १९५३ साली वेदनेवरचा त्याचा मोठा ग्रंथ आला, पुढे सिॲटलला त्यानं सगळ्या शाखांचं मिळून पेन क्लिनिक चालवलं, आणि १९७३ मध्ये त्याने बोलावलेल्या बैठकीतून आयएएसपी ही वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची जागतिक संघटना उभी राहिली. कुस्तीतल्या दुखापतींमुळे त्याचं स्वतःचं अंगही आयुष्यभर दुखायचं.

शिवाय ओटीत तू जे शिकलीस ते इथे वाया जात नाही. ब्लॉक दिल्यावर बीपी कोसळलं, भूल देणारं औषध चुकून रक्तात गेलं आणि पेशंट म्हणायला लागला कानात आवाज येतोय, तोंडाला मुंग्या येतायत, तर पुढच्या मिनिटाला काय करायचं हे तुला येतं. वीस टक्के लिपिड इमल्शनची, म्हणजे रक्तात गेलेल्या भुलीच्या औषधावरच्या उताऱ्याची बाटली आणि श्वासनलिकेत नळी घालायचं सगळं सामान प्रोसीजर रूममध्ये हाताशी असायलाच हवं. ज्या खोलीत हे नाही तिथे मी सुई उचलणार नाही आणि तूही उचलू नको.

प्रश्न : माझ्या आईचं वय ६८, कमरेचं दुखणं खूप वर्षांचं. डॉक्टरांनी रेडिओफ्रिक्वेन्सीनं नस जाळायची म्हणून सांगितलंय. पाय तर लुळा पडणार नाही ना? आम्ही सगळे घाबरलोय.

नस जाळणार म्हटल्यावर कोणीही घाबरेल, त्यामुळे काय करतात ते नीट सांगते. पायाला ताकद देणारी जी जाड नस असते ती ही नाही. फॅसेट सांध्यातलं दुखणं वर पोचवणारी एक बारीकशी फांदी असते, मीडियल ब्रँच म्हणतात तिला, एका सांध्याला दोन फांद्या येतात, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या सांध्यासाठी तिसऱ्या आणि चौथ्या पातळीच्या फांद्या पकडायला लागतात.

आधी टेस्ट ब्लॉक होतो, तो झालाय का हे डॉक्टरांना नक्की विचारा. त्यात त्या फांदीपाशी भुलीच्या औषधाचे थेंबभरच, साधारण अर्धा मिली किंवा त्याहून कमी, औषध सोडतात, जास्त सोडलं तर ते आजूबाजूला पसरून टेस्टच फसते. मग पुढचे काही तास आईंनी नेहमी ज्याने दुखतं तेच करून बघायचं, उठबस, चालणं, मागे वाकणं, आणि दर तासाला दुखणं दहापैकी किती हे कागदावर लिहायचं. दुखणं बरंच उतरलं आणि औषधाचा असर गेल्यावर परत आलं, तर सांधा सापडला. बरेच डॉक्टर खात्रीसाठी हा ब्लॉक दोनदा करतात. टेस्ट ब्लॉकला काहीच फरक पडला नाही तर नस जाळण्यात अर्थ नाही, सरळ नाही म्हणा.

मुख्य प्रोसीजरला पालथं झोपवतात, सी-आर्म नावाचं एक्सरे मशीन तिरकं करतात. तिरक्या फोटोत मणका छोट्या कुत्र्याच्या चित्रासारखा दिसतो, आम्ही सगळे त्याच नावाने शिकतो, आणि कुत्र्याच्या डोळ्यापाशी ती फांदी असते. तिथपर्यंत सुई नेली की गरम करायच्या आधी दोन चाचण्या होतात. पहिल्यांदा ५० हर्ट्‌झचा हलका करंट, त्यात तुमचं ओळखीचं दुखणं कमरेत जाणवतं का ते विचारतात. मग २ हर्ट्‌झचा, आणि यावेळी डॉक्टरांचं लक्ष पायाकडे असतं. पाठीचा स्नायू टकटक उडाला तर चालतं, पाय उडाला तर सुई चुकीच्या जागी आहे, ती काढून परत लावायची. पाय हलत नाही याची खात्री झाल्यावरच साधारण ८० अंशांना ६० ते ९० सेकंद गरम करतात. म्हणून तर आईंना पूर्ण झोपवत नाहीत, त्यांनी बोलायला हवं.

फांदी पुन्हा वाढते, त्यामुळे आराम बऱ्याच जणांना सहा महिने ते वर्षभर मिळतो, मग लागलं तर परत करता येतं. पहिले काही दिवस तिथे हुळहुळतं, कधी कधी दुखणं उलट वाढल्यासारखं वाटतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगा, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : मी पेन क्लिनिकमध्ये नवीन लागले आहे, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. रोज सी-आर्म. हे काम सोडायला लागेल का?

नाही लागणार, पण शिस्त आत्तापासून लावा. रेडिएशनमध्ये अंतरासारखा उपाय नाही, अंतर दुप्पट केलंत की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो. फोटो काढताना एक पाऊल मागे जायचं, पाय सारखा पेडलवर ठेवायचा नाही, एकेक शॉट घ्यायचा, लाइव्ह फक्त डाय (एक्सरेत दिसणारं औषध) सोडताना, फोटोची चौकट लहान करून घ्यायची, आणि हात कधीही बीममध्ये नाही. किरण सोडणारी ट्यूब टेबलाच्या खाली ठेवायची, आडवा फोटो घेताना ट्यूबच्या बाजूला उभं राहायचं नाही, कारण पेशंटच्या अंगावरून उसळणारे किरण त्याच बाजूला जास्त येतात. लेड ॲप्रन, थायरॉइड कॉलर, लेडचा चष्मा, तिन्ही. ॲप्रनला बारीक चिरा पडतात त्यामुळे तो घडी घालून कोंबायचा नाही, टांगून ठेवायचा आणि अधूनमधून तपासून घ्यायचा.

दिवस गेल्याचं कळलं की लगेच खात्याला सांगा, लपवू नका. रेडिएशन सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार तिथून पुढच्या गरोदरपणात बाळाला मिळणारा डोस १ मिलिसीव्हर्टच्या आसपास किंवा खाली राहावा असं बघतात, त्यासाठी ॲप्रनच्या आत पोटाशी डोस मोजणारा एक वेगळा बॅज लावायचा आणि दर महिन्याला रीडिंग स्वतः मागून बघायचं. त्या काळात सोनोग्राफीवरचे ब्लॉक, ओपीडी, कॅन्सरच्या पेशंटची औषधं हे काम वाढवून घेता येतं. कोणी तुम्हाला एवढ्यासाठी शाखा बदल म्हणत असेल तर ऐकू नका.

प्रश्न : माझ्या बायकोचा एमआरआय नॉर्मल आहे, सगळे म्हणतात मनाचं आहे. ती रडते. तुमच्याकडे अशा लोकांसाठी काही असतं का?

असतं, आणि आमच्या ओपीडीत असे पेशंट भरपूर असतात. एमआरआय दुखणं दाखवत नाही, आकार दाखवतो. १९९४ साली ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढून बघितले होते, तर निम्म्याहून जास्त लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या आणि सगळ्या गाद्या नॉर्मल असलेले जेमतेम ३६ टक्के. म्हणजे फोटो बिघडलेला आणि माणूस ठणठणीत असं होतं, तसंच फोटो चांगला आणि माणूस कळवळतोय असंही होतं. बरेच महिने दुखत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदूतली यंत्रणाच जास्त संवेदनशील होते, साध्या स्पर्शालाही दुखणं म्हणून वर पाठवते. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत एक प्रकारचं फाटक असतं आणि ते कमीजास्त उघडतं. त्यातले तपशील पुढे बरेच बदलले, पण दुखणं वाटेतच वाढू किंवा दबू शकतं हे तेव्हापासून डॉक्टर गांभीर्याने घ्यायला लागले, आणि दोनच वर्षांनी मज्जारज्जूपाशी तार बसवून करंट द्यायचा उपचार पहिल्यांदा झाला.

आयएएसपीने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, त्यासोबत स्पष्ट लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखायला हवा. बायकोला पहिल्यांदा तुम्ही हे सांगा की तुझं दुखणं खरं आहे. मग पूर्ण तपासणी करून घ्या, आणि डॉक्टर अँटिडिप्रेसंट गटातली एखादी गोळी कमी डोसमध्ये देतील तर परत वेडी ठरवली असं तिला वाटू देऊ नका, ती गोळी वेदनेच्या वाटेवरच काम करते.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट. पेन डॉक्टर ब्लॉक देतात, पेशंटला बरं वाटतं, मग तो आमच्याकडे येतच नाही.

ही आम्हा डॉक्टरांची जबाबदारी आहे. ब्लॉकने जे काही आठवडे मिळतात ते व्यायामासाठीच मिळवलेले असतात, ते सोफ्यावर घालवले तर दुखणं परत येणारच. मी फिजिओची तारीख ठरल्याशिवाय ब्लॉकची तारीख देत नाही. तुमच्या भागातल्या पेन डॉक्टरांना जाऊन भेटा आणि हाच आग्रह धरा.

प्रश्न : मॅडम, मी ज्या ठिकाणी काम करतो तिथे प्रत्येक पेशंटला तीन स्टेरॉइड इंजेक्शनांचं पॅकेज असतं, पहिल्याने बरं वाटलं तरी तीन, नाही वाटलं तरी तीन. मला पटत नाही पण मी ज्युनियर आहे.

तुला पटत नाही ते बरोबरच आहे. आधीच तीन ठरवून टाकायला कसलाही आधार नाही. पहिल्याने आराम पडला तर दुसरं कशाला, आणि काहीच फरक पडला नाही तर तेच परत द्यायच्या आधी निदान तपासायला हवं. स्टेरॉइड म्हणजे पाणी नाही, डायबेटिसवाल्याची शुगर काही दिवस चांगलीच वर जाते, वारंवार दिलं तर हाडं ठिसूळ होतात, शरीरातली स्वतःची स्टेरॉइड बनवायची यंत्रणा मंदावते.

मानेच्या इंजेक्शनात तर अजिबात तडजोड करू नको. कणीदार स्टेरॉइड चुकून तिथल्या बारीक धमनीत गेलं तर मेंदू किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडू शकतो, अशा केसेसमध्ये लोक अपंग झालेत, दगावलेत, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडबद्दल ताकीद दिली. मणक्यातून नस बाहेर पडते त्या छिद्रापाशी सुई असेल तर आधी डाय सोडून लाइव्ह बघायचं, डाय नसेच्या कडेने रेघेसारखी सरकली तर ठीक, क्षणात पुसली गेली तर सुई रक्तवाहिनीत आहे, तिथे औषध द्यायचंच नाही. आणि मानेला बिनकणीचं डेक्सामेथासोनच.

दुसरं म्हणजे घाईत सुटणारे पेशंट. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, रात्री झोपल्यावर वाढणारं दुखणं, लघवी अडणं किंवा कळत नसणं, मांड्यांच्या आत बधिरपणा, यातलं काही दिसलं तर इंजेक्शनचं टेबल बाजूला ठेव आणि तपासण्या सुरू कर, शेवटच्या दोन्हीत तर त्याच दिवशी सर्जनकडे पाठव. पॅकेजच्या गर्दीत नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

ज्युनियर म्हणून तू धोरण बदलू शकणार नाहीस कदाचित, पण प्रत्येक फाइलमध्ये पहिल्या इंजेक्शननंतर किती टक्के आराम, किती दिवस, आणि काय करता यायला लागलं, हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेव आणि दुसऱ्याच्या आधी सिनियरसमोर ती फाइल उघड. फाइलमध्ये आराम शून्य लिहिलेलं असताना दुसरं द्या म्हणणं कोणालाही जड जातं. तरीही जबरदस्ती होत असेल तर जागा बदल, मी हे विचार करून लिहितेय.

प्रश्न : कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करून मन थकतं का?

थकतं. पण सगळ्यात जास्त समाधानही तिथेच मिळतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा पेशंट बघितलाय का, आडवा होऊ शकत नाही, रात्रभर उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतो, दुखणं पोटातून आरपार पाठीत जातं. अशा वेळी सीलियाक प्लेक्सस ब्लॉक करतात, पाठीतून सुई महाधमनीच्या शेजारी नेऊन तिथल्या नसांच्या जाळ्यात अल्कोहोल सोडायचं. पद्धत जुनी आहे, कापिस या जर्मन सर्जनने १९१४ मध्येच वर्णन केलेली. कॅन्सर थांबत नाही, पण बऱ्याच जणांची मॉर्फीन कमी होते आणि माणूस पाठ टेकून झोपतो. पहिले एक-दोन दिवस जुलाब होतात आणि उभं राहिल्यावर बीपी पडतं, आणि क्वचित पायांच्या ताकदीला धोका असतो, हे सगळं घरच्यांना आधी बसवून सांगायचं. माझी तक्रार एकच आहे की पेशंट फार उशिरा पाठवतात, ट्यूमर पसरून जागाच उरलेली नसते तेव्हा.

आणि सुईने सगळं दुखणं जात नाही हे स्वीकारायला लागतं. सिसिली साँडर्स, ज्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या लोकांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं, त्या संपूर्ण वेदना असं म्हणायच्या, त्यात शरीराचं दुखणं आलं तशी मुलांची काळजी, पैशाची चिंता, मरणाची भीती पण आली. त्यामुळे या कामात नर्स, समुपदेशक, पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर बरोबर हवेतच, एकट्याने करायला गेलात तर एक-दोन वर्षांत करपून जाल.

प्रश्न : फेलोशिप निवडताना काय बघू?

नियम देशागणिक वेगळे आहेत, काही ठिकाणी ॲनेस्थेशियाशिवाय फिजिकल मेडिसिन, न्यूरॉलॉजी वगैरेवाल्यांनाही घेतात, मुदत कुठे काही महिन्यांची कुठे वर्षाची, तर ते आपल्या ठिकाणचं तपासा. वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेनची एफआयपीपी ही परीक्षा बऱ्याच देशांतले डॉक्टर देतात, पण ती शिकून झाल्यावरची गोष्ट. फॉर्म भरायच्या आधी तिथल्या सध्याच्या फेलोला एकट्याला गाठा आणि विचारा की सुई तुझ्या हातात देतात का नुसतं बाजूला उभं करतात, ओपीडीत नवा पेशंट तू स्वतः बघतोस का, कॅन्सरचे पेशंट येतात का, फिजिओ आणि सायकॉलॉजिस्टबरोबर मीटिंग होते का, आणि मागच्या महिन्यात किती पेशंटना प्रोसीजर न करता परत पाठवलं. या शेवटच्या प्रश्नावर तो गोंधळला तर दुसरीकडे बघा.